साठ, नव्वद की एकशे पाच

६ जुलै २०२५, रविवार. सकाळी १०.
आजपासून रोजनिशी. कारणच तसं घडलंय.
पितांबर सरांकडे गेलो होतो. शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे. आता चौऱ्याहत्तरचे आहेत, देवपुरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. चाळीस वर्षं लळिंगच्या डोंगरावर आणि आजूबाजूच्या माळावर हिंडून सरांनी बारीक फुलांची एक वही केली आहे. बारीक म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, काही तर मोहरीएवढी. वहीत एकशे अठरा नावं. फोटो एकही नाही.
आणि आता सरांचे डोळे चाललेत. काचबिंदू. डावा गेलाच. उजव्याने समोरचा एक गोल तेवढा दिसतो, बाजूचं सगळं काळं. सर म्हणाले, ही फुलं एकदा टीव्हीएवढी मोठी बघायची होती, वाकून बघणं आता जमत नाही.
मी तिथल्या तिथे शब्द दिला. या पावसाळ्यात एकशे अठराच्या एकशे अठरा काढून देतो. सरांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.
कॅमेरा आहेच. फक्त मॅक्रो लेन्स घ्यायची, बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी. आठवड्याचं काम.

९ जुलै, बुधवार.
विषय वाटला त्यापेक्षा खोल आहे. साठ एमएम, नव्वद, शंभर, एकशे पाच. शिवाय एकशे ऐंशीसुद्धा आहे. साठची लेन्स हलकी, पण फोटो काढायला फुलाच्या पार नाकाशी जावं लागतं. एकशे पाचला लांब राहून काढता येतो. याला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. लांब राहिलं की किडा उडून जात नाही.
हे सगळं बायकोला, सुलक्षणाला, समजावून सांगितलं. तिने कणीक मळता मळता विचारलं की फुलं उडून जातात का.
तिला या विषयाची पार्श्वभूमी नाही.

१९ जुलै, शनिवार.
सपनाचा मेसेज. सपना म्हणजे सरांची सून, शाळेत शिक्षिका आहे. तिचा नवरा सुरतला नोकरीला, त्यामुळे सरांचं सगळं तीच बघते. लिहिलंय की मैदानाच्या कडेला विष्णुकांता फुलली आहे, निळी, बटणापेक्षा लहान, आणि दुपारपर्यंत मिटते. सर विचारताहेत, योगेंद्र कधी येतो?
मी अंगठा पाठवला.
आतापर्यंत एकतीस व्हिडिओ बघून झाले. कल नव्वदकडे.

२७ जुलै, रविवार.
पहाटे साडेपाचचा गजर लावून उठलो. लळिंगला जायचं होतं. मग विचार केला, लेन्स नसताना डोंगरावर जाऊन करायचं काय? नुसतं बघत बसायचं? परत झोपलो.
उठल्यावर एक्सेलमध्ये तक्ता केला. चौदा रकाने. वजन, शार्पनेस, मोटरचा आवाज, सगळं. काम पद्धतशीर केलं की मनाला बरं वाटतं. तसं वाटायला हवं होतं.

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८.
दूध आणायला गेलो तर सर कोपऱ्यावर उभे. हातात काठी. आवाजावरून मला ओळखलं. माझ्याकडे बघत होते, पण नजर जरा बाजूला. मान किंचित वळवून मला त्या गोलात आणत होते. विचारलं, लेन्सचं काय झालं रे?
मी म्हणालो, ऑर्डर दिली आहे.
का म्हणालो, कळत नाही. म्हणजे कळतं. मनातल्या मनात ऑर्डर दिल्यासारखीच आहे, मॉडेल ठरणं तेवढं बाकी. याला खोटं म्हणता येणार नाही. थोडं आधी सांगितलं इतकंच.
सर किती खूश झाले.

१० ऑगस्ट, रविवार. दोंडाईचा.
मोठी प्रगती. दोंडाईच्याला लोटनभाऊ म्हणून लग्नाचे फोटो काढणारे आहेत. नवरानवरीच्या अंगठ्या टिपायला त्यांनी शंभरची मॅक्रो ठेवलीय. ती हाताळून बघायला खास गेलो.
लोटनभाऊंनी लेन्स माझ्याच कॅमेऱ्याला लावून दिली. दारातल्या तुळशीची मंजिरी टिपली, तर मंजिरीवरचा केस न् केस दिसला. मी सरांचं सगळं सांगितलं. ते ऐकून लोटनभाऊ म्हणाले, "लई जा भाऊ. दिवाळीलोंग मनाकडे नुसती पडेलच शे." भाडं नाही, काही नाही. घेऊन जा, दिवाळीनंतर आणून दे म्हणाले. अंगठीचा फोटो निघतो तर फुलाचा का नाही निघणार, हेही त्यांचंच.
मी नाही म्हणालो. लेन्स जुनी आहे. फोकस शोधताना दोनदा मागेपुढे झाली. सरांच्या चाळीस वर्षांच्या कामाला उसनी, जुनी लेन्स लावणं मला योग्य वाटलं नाही.
येताना बसमध्ये लोटनभाऊंचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. त्यांना राग आला नव्हता. नुसतं समजलं नव्हतं.
सुलक्षणाला सांगितलं की जमलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार.
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सपनाचा फोन. कॉलेजमधली एक मुलगी घरी आली होती. तिच्याकडे कॅमेरा, लेन्स, सगळं होतं. सरांची फुलं प्रोजेक्टसाठी काढते म्हणत होती. सरांनी तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. आमचा योगेंद्र काढतोय, त्याला वाईट वाटेल, असं तिला सांगितलं.
सपनाचं म्हणणं, भाऊ, तुम्ही सांगा त्यांना, म्हणजे त्या मुलीला बोलावते.
एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, लेन्स याच आठवड्यात येतेय.
डबा तसाच परत आणला. सुलक्षणाने भाजी बिघडली होती का विचारलं. हो म्हणालो. आता तिच्या भाजीचंही पाप डोक्यावर.

२ सप्टेंबर, मंगळवार.
हल्ली ऑफिसला पुलाच्या बाजूने जातो. सरांच्या गल्लीत खड्डे फार झालेत.

५ सप्टेंबर, शुक्रवार.
शिक्षक दिन. दर वर्षी सरांकडे जातो. यंदा फोनवर नमस्कार केला. पाठीत कळ आहे म्हणालो. आता ती खरंच आली आहे.

७ सप्टेंबर, रविवार. जळगाव.
निर्णयाचा दिवस. पहिल्या बसने जळगाव. योगराज नावाच्या माणसाचं कॅमेऱ्याचं दुकान आहे, फोनवर ओळख झालेली. त्याने तीन लेन्स काउंटरवर मांडल्या. एकशे पाचने मी माझ्याच अंगठ्याचा फोटो काढला. रेषा मोजता येत होत्या. मन भरून आलं. म्हटलं, हीच. द्या.
योगराज बिल करायला लागला आणि बोलता बोलता म्हणाला की दिवाळीनंतर हिचं नवीन मॉडेल येतंय म्हणे.
चेकवर सही करायला काढलेलं पेन मी खाली ठेवलं.
योगराज घाईघाईने म्हणाला की साहेब, नक्की काही नाही, ऐकीव गोष्ट आहे, आणि फुलांसाठी तिन्हींतली कोणतीही चालेल. पण एकदा कळल्यावर जुनं मॉडेल कसं घ्यायचं? माणसाने जरा पुढचं बघावं.
सरांसाठी केळीचे वेफर्स आणले. पुडा सपनाच्या हातात देऊन दारातूनच निघालो. आतून सरांचा आवाज आला, कोण, योगेंद्र का? सपनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही सांगितलं. तिने आत सांगितलं, कुरिअरवाला.
लेन्स आली की काय, असं सरांनी विचारलेलं मला फाटकातून बाहेर पडताना ऐकू आलं.

८ सप्टेंबर, सोमवार.
काही लिहावंसं वाटत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार.
सपना घरी आली. बसली नाही. सरळ विचारलं, भाऊ, लेन्स मागवली आहे की नाही? सुलक्षणा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी.
मी म्हणालो, कस्टममध्ये अडकली आहे.
सुलक्षणाने विचारलं, जळगावच्या लेन्सला कस्टम कुठून आलं?
सपनाने उभ्यानेच चहा घेतला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि ती गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला निदान उत्तर देता आलं असतं.
संकल्प : उद्या सरांकडे जाऊन सगळं खरं सांगायचं.

२२ सप्टेंबर, सोमवार.
घटस्थापना. आजच्या दिवशी असलं काही बोलू नये.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १२.
सकाळी सरांचं बोलावणं आलं. सुलक्षणा बरोबर होती, त्यामुळे पुलाच्या बाजूने जाता आलं नाही. खड्डे फारसे नाहीत.
खोलीचे पडदे ओढलेले. सर टीव्हीच्या अगदी समोर, दोन हातांवर, खुर्ची टाकून बसले होते. टीव्हीवर फूल होतं. निळं. पडदाभर. पाकळीवरच्या शिरा दिसत होत्या, आणि मध्ये पांढरे परागकण, रवा सांडल्यासारखे.
हे सपनाने काढलंय. मोबाइलवर. आग्रा रोडवरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून तिने डोळ्याला लावायचं भिंग आणलं, रबर बँडने मोबाइलला बांधलं आणि गणपतीपासून रोज सकाळी, शाळेच्या आधी, माळावर जाऊन पोटावर झोपून फोटो काढले. त्र्याहत्तर फुलं. उरलेली तोवर सुकून गेली होती. श्रावणातली होती ती.
सर एकेक बघत होते. खालून वर, डावीकडून उजवीकडे, पुस्तकाची ओळ वाचावी तशी मान फिरवत. मध्येच मारवेल गवताचा तुरा आला, जांभळ्या पिसासारखा. सर म्हणाले, चाळीस वर्षं ही वाट तुडवली आणि याला पिसं आहेत हे मला आज कळतंय. रुमालाने डोळे पुसले. डोळ्यांतून पाणी येतं त्यांना, औषधाने.
मग मला विचारलं, कसे आहेत फोटो? तू यातला जाणकार.
सपना भिंतीला टेकून उभी होती. तिच्या कोपरांना खरचटलेलं होतं. आणि मी म्हणालो, सर, छान आहेत, पण कोपरे सॉफ्ट आहेत. चांगली लेन्स असती तर कडेपर्यंत शार्प आले असते.
हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे.
सर हसले. "मला कोपरे तसेही दिसत नाहीत रे," म्हणाले. "मधलं दिसतं. तेवढं स्वच्छ आहे."
घरी येईपर्यंत सुलक्षणा माझ्या दोन पावलं पुढे चालत होती.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०.०५.
योगराजला फोन केला. एकशे पाच पाठव म्हटलं. नवीन मॉडेलची चौकशी केली नाही.
उरलेली पंचेचाळीस मी काढणार. शब्द म्हणजे शब्द.

१९ ऑक्टोबर, रविवार.
लेन्स परवा आली. आज लळिंग. खरं तर आयुष्यात पहिल्यांदाच तिथे फोटो काढायला गेलो.
डोंगर वाळलेला. गवत पिवळं. कुसळं मोज्यांतून आत घुसून पायांना टोचत होती. चार तास हिंडलो. एक फूल दिसलं, आणि ते फूल नसून दुधीच्या रानवेलीचं पांढऱ्या तंतूंचं बी निघालं, असं नंतर सपनाने सांगितलं. तेही वाऱ्याने हललं. बावन्न फोटो, बावन्न हललेले.
लेन्स मात्र उत्तम आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार.
सरांचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यातला दाब फार वाढला होता. आता पट्टी आहे. डॉक्टर म्हणतात, किती उरेल ते पट्टी निघाल्यावर काही आठवड्यांनी कळेल. उरेल, असं म्हणाले. येईल, असं नाही म्हणाले.
त्या कॉलेजच्या मुलीची सारखी आठवण येते. ती ऑगस्टात आली होती. एकशे अठरा झाली असती.

७ डिसेंबर, रविवार.
पूर्ण तयारीने सरांकडे गेलो. खरं सांगायचं, एकही शब्द आधी-मागे न करता. लेन्सची बॅगही घेतली, म्हणजे पुढच्या वर्षीचं बोलता येईल.
सपना शाळेत, कसलीशी परीक्षा होती. सर एकटेच, डोळ्यावर अजून पट्टी. मी सांगितलं. ऑर्डर दिली नव्हती, कस्टम नव्हतं, दोंडाईच्याला फुकट मिळत होती ती घेतली नाही, कुरिअरवाला मी होतो. सगळं.
सर म्हणाले, "मला माहीत होतं रे. सप्टेंबरातच." मग म्हणाले, "तू आलास ते बरं झालं. टीव्ही लाव. फोटो लाव आणि मला सांगत जा. सपनाला वेळ होत नाही."
मी टीव्ही लावला. पहिला फोटो आला. सर वाट बघत होते. मी सांगायला सुरुवात केली : पार्श्वभूमी छान धूसर आली आहे, डेप्थ ऑफ फील्ड कमी आहे, उजेड डावीकडून.
सर म्हणाले, "फूल सांग, योगेंद्र."
मी बघितलं. पाच महिने झाले या गोष्टीला, आणि नीट बघितलं ते आत्ता. पांढरं आहे, म्हणालो. लहान आहे.
पाकळ्या कशा आहेत? मध्ये काय आहे? देठ कसा? सर विचारत गेले. मी बारीक आहेत, पुष्कळ आहेत, हिरवा आहे, असं सांगत गेलो. त्यांच्या कपाळाला आठी पडली, कुठलंच फूल जुळेना तशी. मग त्यांनी विचारणं थांबवलं. पुढचं लाव म्हणाले. पुढचंही पांढरं होतं. मी पुन्हा पांढरं, लहान, एवढंच सांगितलं.
साडेबाराला सपना आली. चप्पल काढता काढता टीव्हीकडे एकदा बघून म्हणाली, आबा, हा माका, विहिरीजवळचा, मधला गोल अजून हिरवा आहे, कडेचीच उमललीत आणि एक मुंगी बसलीय.
सरांच्या कपाळावरची आठी गेली.
मी बॅग उचलली आणि निघालो. उघडलीच नव्हती.