मुलीची कलचाचणी वडिलांनी दिल्याबाबत

प्रति,
मा. समुपदेशन अधिकारी,
विद्यार्थी कलचाचणी व मार्गदर्शन कक्ष,
नाशिक.

अर्जदार : रवी पुंजाराम पगारे, आवक-जावक लिपिक, रा. उपनगर, नाशिक.

विषय : कु. संजना रवी पगारे हिचा कलचाचणी अहवाल रद्द करून तिची चाचणी नव्याने घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाकडून अर्जदाराच्या मोबाईलवर आलेला अहवाल, व तो आल्यापासून घरात पसरलेली शांतता.

महोदया,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची कन्या संजना यंदा दहावी उत्तीर्ण झाली असून अकरावी प्रवेशाचे पसंतीक्रम येत्या सोमवारी बंद होत आहेत. आपल्या अहवालावर विश्वास ठेवून तिने विज्ञान शाखा काढून वाणिज्य शाखा पहिल्या पसंतीस टाकली आहे. वाणिज्य शाखेविषयी अर्जदाराची काहीएक तक्रार नाही. म्हणणे एवढेच की, सदर अहवाल संजनाचा नाही. तो अर्जदाराचा आहे.

१. शाळेच्या पालक मेळाव्यात एका वक्त्यांनी सांगितले होते की, या वयात मुलांना पुढची वाट निवडायची असते, तेव्हा पालकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. अर्जदाराने हे फारच मनावर घेतले. वास्तविक अर्जदार पहिलीपासून मुलीच्या पाठीशी नव्हे, तर पुढेच उभा आहे. तिचा मातीचा किल्ला, थर्माकोलची सूर्यमाला, साबणावर कोरलेला हत्ती ही सर्व कामे अर्जदाराने स्वहस्ते केली असून हत्तीस दुसरा क्रमांकही मिळाला. बक्षीस घेताना मुलगी मान खाली घालून उभी होती. ती लाजत असावी, असा समज त्या वेळी करून घेण्यात आला.

२. एप्रिलमध्ये आपल्या चाचणीची लिंक आली. त्यावर 'चाचणी विद्यार्थ्याने स्वतः द्यावी' असे ठळक अक्षरांत लिहिले होते व ते अर्जदाराने चष्मा लावून वाचले. संजना तेव्हा सुटीसाठी पिंपळगाव बसवंतला राखीआत्याकडे, म्हणजे अर्जदाराच्या भगिनीकडे होती. राखी तेथे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामास आहे. मुलगी रोज तिच्यासोबत जाई आणि बाहेर अंगाची लाही होत असताना आत एवढी थंडी येते कुठून, असे विचारून तेथील मेकॅनिकला भंडावून सोडी. अखेर त्याने तिच्या हाती एक पाना दिला, की धर, निदान तोंड तरी बंद राहील. ते राहिले नाही. 'पप्पा, मला ही मशिनं बनवायचीत,' असे तिने फोनवर सांगितले. त्यावर अर्जदाराने विचारले, 'जेवलीस का?'

३. लिंक तिला पाठवता आली असती. परंतु पोरीची सुटी कशाला मोडा, आपण कशासाठी आहोत, या विचाराने अर्जदार कार्यालयात जेवणाच्या सुटीत चाचणी स्वतःच सोडवायला बसला. सुरुवातीस 'संजना काय म्हणेल' असा विचार करूनच उत्तरे दिली, हे शपथेवर सांगता येईल. पण 'बिघडलेले यंत्र उघडून पाहता का?' येथे शॉक लागेल या भीतीने 'कधीच नाही' असे उत्तर गेले. पुढे 'वरिष्ठांचा निर्णय पटला नाही तर काय करता?' असे विचारले होते. त्याच्या पर्यायांतील 'गप्प राहणे' यावर बोट आपसूक पडले. तेथून पुढे आपण कोणाची चाचणी देत आहोत, याचे अर्जदारास भान उरले नाही. इतक्या आपुलकीने त्याला आजवर कोणी काही विचारले नव्हते. म्हणून उरलेले प्रश्न त्याने अगदी मनापासून सोडवले.

४. अहवाल असा आला : 'सूचनांचे पालन उत्तम. नव्या गोष्टींविषयी कुतूहल बेताचे. धोका पत्करण्याची तयारी अत्यल्प. ठरलेल्या चौकटीतील कार्यालयीन कामात समाधान लाभेल.' चाचणी अत्यंत अचूक आहे, याबद्दल कक्षाचे अभिनंदन. अर्जदाराच्या मातोश्री विमलाबाई या मूळच्या निफाडकडील असून, अहवाल ऐकून त्या म्हणाल्या, 'कुतूहल बेताचं? आरं, ही पोरगी पाळन्यात व्हती तवा पाळन्याची कडी काढून बसली व्हती! त्या कॉम्प्युटरला येड लागलं का काय?' अर्जदार हसला. तेव्हाच खरे बोलायला हवे होते.

५. संजना हसली नाही. 'मला उगाच वाटत होतं, मला मशीनमधलं कळतं. बरं झालं, आत्ताच समजलं,' असे ती म्हणाली. मग अर्जदाराकडे पाहून म्हणाली, 'पप्पा, मी तुमच्यावर गेले.' महोदया, हे ती प्रेमाने म्हणाली. टोमणा मारला असता तर सोसला असता. मेकॅनिकचा तो पाना तिने आजीला सुपारी फोडायला देऊन टाकला आहे. घरातला पंखा हल्ली करकरतो, पण ती मान वर करून पाहतसुद्धा नाही. अर्जदार रोज जेवणाचा डबा तसाच परत आणतो, हे नमूद करणे कार्यालयीन शिस्तीस धरून नसल्यास क्षमा असावी.

६. सबब विनंती की, (अ) सदर अहवाल रद्द करावा. (ब) सोमवारपूर्वी संजनाची चाचणी आपल्यासमक्ष घ्यावी व त्या वेळी अर्जदारास फाटकाच्या आत येऊ देऊ नये. (क) पहिला अहवाल 'तांत्रिक बिघाडामुळे' चुकला, असे आपल्या सहीने तिला कळवावे, जेणेकरून अर्जदाराचे नाव कोठेही येणार नाही.

७. मागणी (क) लिहून झाल्यावर अर्जदाराने ती पुन्हा वाचली. यंत्र बिघडले असे कळल्यास संजना, ती जर मूळची संजना असेल तर, नेमके काय बिघडले हे विचारत आपल्या कक्षाच्या दारात ठाण मांडून बसेल. आणि ती आलीच नाही, तर ते त्याहून वाईट. शिवाय चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार होईल. यंत्राने बिचाऱ्याने आपले काम चोख केले आहे. सबब मागणी (क) अर्जदार मागे घेत आहे.

८. आता तिला सांगायचे कोणी, हा प्रश्न उरतो. अर्जदाराने चहा पिताना प्रयत्न केला, तिला बसस्टॉपवर सोडताना केला. प्रत्येक वेळी तोंडातून 'छत्री घेतलीस का?' एवढेच बाहेर पडले. उभी नोकरी कागद आत घेण्यात व बाहेर धाडण्यात गेल्याने अर्जदारास तोंडी काही सांगता येत नाही. लेखी थोडेफार जमते. म्हणून हा अर्ज आपल्याकडे येण्याआधी तिच्या हाती दिला जाईल. तिच्या भल्यासाठी केले, असे अर्जदार स्वतःला आजवर सांगत आला. पण भले तिचे आणि उत्तरे आपली, हा अपराधच आहे, व तो अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. ती वाचून काय म्हणेल, या विचारात सही दोनदा गिरवली गेल्यामुळे ती थोडी वेगळी आली आहे. ती अर्जदाराचीच समजावी.

आपला नम्र व अपराधी,
रवी पुंजाराम पगारे
नाशिक, दि. २० जून २०२५

सोबत : अहवालाची छायांकित प्रत.

प्रत : कु. संजना रवी पगारे यांना, प्रथम वाचनासाठी.

(अर्जाच्या तळाशी, वेगळ्या हस्ताक्षरात :)

मॅडम, वाचलं. खूप राग आलाय, पण तो मी घरी बघते. चाचणीला मी एकटी येईन. फक्त तो जुना अहवाल पप्पांच्या नावावर करू नका, प्लीज. तो त्यांचाही नाही. धोका न पत्करणाऱ्याने हा अर्ज माझ्या हाती दिलाच नसता.
— संजना