गुणाजीकडे दुर्लक्ष करण्याचा ठराव

नाहूर, १० नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप विमलाआत्येस,

तुझ्या जयवंताचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. (पायापर्यंत वाकलो असतो, पण पायाशी गुणाजी आहे आणि त्याला नवे दात आलेत.) तुझी कंबर आता कशी आहे? नव्या डॉक्टरचं औषध घेतेस, की आणून फडताळात ठेवतेस? दिवाळीचा फराळ पोचला. कडबोळी उत्तम झाली होती. गुणाजीने ती सोडून बाकी सगळ्यांचे चावे घेतले.

आबांचं नाव ठेवलं म्हणजे आबांचा स्वभाव येईल, असं तू बारशाला म्हणाली होतीस. सव्वा वर्षाच्या वयात चिरंजीवांनी जे गुण उधळलेत, ते पाहता आबांनी आपला स्वभाव वर जाताना सोबत नेला असावा. त्याला कुकरची शिट्टी हवी असते. नाही दिली की तो गॅलरीत उताणा पडून असा टाहो फोडतो की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत येतात. समजूत घालायला जो वाकेल त्याला चावतो. आमच्या मजल्यावर शकु म्हणून एक बाई आहे, ऑफिसला जाणाऱ्या बायकांची मुलं ती दिवसभर सांभाळते. तिच्याकडे याला ठेवून पाहिला, तर याने दुसऱ्या मुलाच्या कानाचा चावा घेतला. शकुने दुपारीच परत आणून दिला आणि सांगितलं, "भाऊ, याचं रडणं-चावणं थांबव, मग आण. तोवर नको रे बाबा." इकडे सुलक्षणाची बिनपगारी रजा संपत आली आहे. अंधेरीच्या कंपनीने स्पष्ट कळवलं आहे की येत्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. एवढ्या खटपटीने मिळालेली नोकरी पोराच्या दातांपायी जाणार, या विचाराने तिचं जेवण सुटलं आहे.

अशात तिला एका मासिकात जाहिरात सापडली, 'आपले मूल हट्टी आहे काय? घरबसल्या सल्ला.' अंधेरीला कुणी रत्नप्रभाबाई आहेत, त्या बालमनाचं शास्त्र शिकून आल्यात आणि दर बुधवारी दुपारी फोनवर सल्ला देतात. मूल न बघता! (आपल्याकडे गुरांचा डॉक्टरसुद्धा गोठ्यापर्यंत येतो.) आमच्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, सोसायटीचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश याच्या घरी. डायलला कुलूप असतं आणि किल्ली तो करदोट्याला बांधतो, त्यामुळे कुणालाही फोन करायचा तर आधी सर्वांना भिंतीकडे तोंड करावं लागतं. बुधवारी आम्ही गुणाजीला घेऊन गेलो. आमच्यामागून, काय होतंय ते बघायला, निम्मी बिल्डिंग आली. बाईंनी विचारलं, घरात माणसं किती? सुलक्षणाने सभोवार पाहिलं आणि तीन म्हणाली. (तिघांच्या मानाने खोकला फार, हे बाईंच्या लक्षात आलं असणार.)

मग बाई म्हणाल्या, मुलाचं रडणं जरा ऐकवा. झालं! गुणाजीला डायल दिसल्याबरोबर तो असा हरखला की रडणं नावाची गोष्ट जगात आहे हेच विसरला. शिट्टी दाखवून लपवली, हसला. चंद्रप्रकाशने डोळे वटारले, तर त्याला पापा दिला. फोनची मिनिटं चाललेली पाहून चंद्रप्रकाशच रडकुंडीला आला. शेवटी तळमजल्यावरचे धोंडिरामकाका (पेन्शनर आहेत, गुणाजीने त्यांच्या गुडघ्याला दोनदा प्रसाद दिला आहे) पुढे झाले, रिसीव्हर घेतला आणि त्यांनी गुणाजीचं रडणं स्वतः रडून दाखवलं. इतकं हुबेहूब की बाईंनी काळजीने विचारलं, याला शौचाला साफ होतं ना? काका म्हणाले, "तसं बरं आहे." अशा रीतीने धोंडिरामकाकांच्या रडण्यावर गुणाजीला औषध मिळालं: मूल लक्ष वेधण्यासाठी रडतं, तेव्हा सर्वांनी दुर्लक्ष करावं. प्रेक्षक नसले की खेळ बंद.

शास्त्र बरोबरच असेल, पण आमच्याकडे दारं दिवसभर उघडी. गुणाजीने नुसता 'अँ' केला की काका बिस्कीट घेऊन जिना चढतात, वरच्या मजल्यावरून खुळखुळा येतो. एकट्याने दुर्लक्ष करून काय होणार? म्हणून चंद्रप्रकाशने गच्चीवर खास सभा बोलावली. पाण्याच्या गळक्या टाकीचा विषय, नेहमीप्रमाणे, पुढे ढकलला आणि ठराव एकमताने पास झाला, की 'चि. गुणाजी याजकडे कोणत्याही सभासदाने लक्ष देऊ नये. समोर आल्यास नजर छताकडे ठेवून पुढे जावे.' नोटीस फळ्यावर लागली. पहिल्या दिवशी तर लोक, दुर्लक्ष कसं चाललंय ते बघायलाच आले. एकजण स्टूल घेऊन आला. सगळ्यांनी पाठ करून एका सुरात सांगितलं, "आम्ही बघत नाही हं, गुणाजी!" एवढे प्रेक्षक पाहून तोही दुप्पट जोराने रडायला लागला. मग चंद्रप्रकाशने शिस्त आणली. आता काम नियमाने चालू आहे.

आता मुद्द्याचं. त्याला सांभाळायला तू येतेस असं तू लिहिलंस, पण आत्ये, कृपा करून येऊ नकोस. लाड करणाऱ्या वडीलधाऱ्यांना लांब ठेवा, असं बाईंनी बजावलं आहे. तू शेजाऱ्याचं वासरू हंबरलं तरी उठून जाणारी, तुझ्याच्याने हा ठराव पाळला जायचा नाही. राग मानू नये.

तुझा आज्ञाधारक (आणि हल्ली गुणाजीचाही),
जयवंत

ता. क. पत्र पेटीत टाकायचं खिशातच राहून गेलं. बरंच झालं, आनंदाची बातमी यात घालता आली. उपाय लागू पडला! गुणाजी रडत नाही, चावत नाही. शकुने होकार दिला. सुलक्षणा सोमवारी हजर होणार. चंद्रप्रकाश तर म्हणतो, टाकीकडे दुर्लक्ष केल्यावर तीही गळायची थांबेल.

ता. क. दुसरा. आज रविवार. आत्ये, काय लिहू? तो उंबऱ्यात बसून असतो. कुणी आलं की दोन्ही हात वर करतो. येणारा ठरावाप्रमाणे छताकडे बघत निघून जातो. मग हात खाली घेतो. काल मी होऊन त्याच्या पुढ्यात कुकरची शिट्टी ठेवली, त्याने हातसुद्धा लावला नाही. सुलक्षणा कणीक मळता मळता रडत होती. मला हे अजिबात आवडलेलं नाही. बाईंना विचारावं, तर बुधवार लांब आहे.

ता. क. शेवटचा. सोमवार सकाळ. शकु त्याला न्यायला आली. त्याने हात वर केले. तिने छताकडे पाहिलं, पाहत राहिली, आणि एकदम मटकन खाली बसून त्याला उराशी धरला. "खड्ड्यात गेला तुमचा ठराव! चावला तर चावू दे मेल्याला, असलं मुकं पोर मी नाही सांभाळायची." त्याने लगेच तिच्या खांद्याचा चावा घेतला आणि असा भोंगा लावला की सगळी दारं धाडधाड उघडली. काका बिस्कीट घेऊनच आले, म्हणजे ते रोज तयार ठेवत असणार. सुलक्षणा डोळे पुसत कामावर गेली. तू येईपर्यंत शकु त्याला सांभाळणार आहे, खांद्यावर जाड टॉवेल टाकून.

मिळेल त्या एस.टी.ने निघ. वर मी 'येऊ नकोस' असं लिहिलं आहे, तेवढ्याकडे दुर्लक्ष कर.