दोघांत एक ताट

४ जून
स्थलांतर संपन्न! लाकूडगिरणीला एक पाय अर्पण केलेला हा देह आजपासून ग्लेनिसच्या घरी विराजमान. संपत्ती : दोन कुबड्या, एक रेडिओ आणि अपंगत्वाचे पेन्शन. "खोकी मागच्या खोलीत ठेव, तू माझ्या खोलीत," ग्लेनिस म्हणाली. लाजलो. वय वर्षे चोपन्न!

९ जून
पेन्शन कार्यालयाचे पत्र. 'आपण जोडपे आहात काय?' असल्यास ग्लेनिसचा पगार जमेस धरून माझे पेन्शन कापणार. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात राबते. आणि मी दाढीच्या पात्यासाठीही तिच्यापुढे हात पसरायचा? नाही!

११ जून
प्रपत्र सादर. नाते — 'घरमालकीण व भाडेकरू.' ग्लेनिसला सांगितले नाही. क्षुद्र कागद, तिला कशास त्रास! साक्षीदार नोएल : हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या आमच्या क्लबचा चिटणीस, माझा वीस वर्षांचा मित्र. "बिनधास्त राहा रे, लिहितो मी."

२ जुलै
विश्वासघात! पेन्शन कापले. नोएलने साक्षीत लिहिले — क्लबच्या जेवणाला हे दोघांत एकच ताट आणतात. जेवणाला घरून सर्वांसाठी खाद्याने भरलेले ताट आणायचे; जोडप्याने मिळून एक, एकट्या माणसाने आपले स्वतंत्र, हा आमचा अलिखित कायदा. आणि मी गेला महिनाभर ग्लेनिसच्या लिंबाच्या वड्यांच्या ताटामागून रिकाम्या हातांनी प्रवेशत होतो.
जाब विचारला. "सही माझी आहे बाबा, खोटं कसं लिहू? शिवाय निम्म्या वड्या मीच खाल्ल्यात!"
कृतघ्न उदर!

३ जुलै
नोएलशी संबंधविच्छेद. यावज्जीव.

५ जुलै
फेरविचारासाठी कार्यालयात. ग्लेनिसने गाडीतून नेले. वाटभर नोएलचा उद्धार केला. "मेल्याला वडी बंद," ती हसून म्हणाली.
टेबलामागच्या बाईने माझे प्रपत्र मोठ्याने वाचले. शयनकक्ष? 'स्वतंत्र.' तिच्याविषयी भावना? 'घरमालकीण म्हणून आदर.'
ग्लेनिस हातमोजे चढवत राहिली. दोनदा उलटे चढवले.
परतताना एकच वाक्य. "आदर, होय रे?"
मी विनोद केला. कोणता, ते येथे लिहवत नाही.

१२ जुलै
क्लबचे जेवण. दारातच ग्लेनिसने माझ्या हाती दुकानातला बिस्किटांचा पुडा ठेवला. "हे तुझं ताट." तिच्या वड्या दुसऱ्या टोकाला. नोएलने पाहिले — आणि वडीला हात लावला नाही.

२६ जुलै
पेन्शन पूर्ववत! ग्लेनिसने नवे निवेदन दिले होते : 'तो भाडेकरू आहे. मागच्या खोलीत झोपतो.' काल तपासनीस येऊन खोली पाहून गेला. अक्षर न् अक्षर खरे निघाले.