माशीमाराचा चुलतभाऊ

मेहरूण, जळगाव
९ ऑगस्ट २०२५

प्रिय सुलक्षणा,

तेवीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी आधी मागते. नरडाण्याजवळच्या शाळेत तू मुख्याध्यापिका झालीस हे कळलं. इकडे बरं आहे. मी आपल्याच विभागात शिकवते, चष्म्याचा नंबर वाढलाय.

बातमी मोठी आहे. तू जिंकलीस.

एम.एस्सी.च्या सहलीत निलगिरी पर्वतावर, शोला म्हणतात त्या दमट रानात, तो छोटा निळा पक्षी दिसला होता. पुस्तकात तो आखूडपंखी पक्ष्यांत होता. तू त्याची फांदीवर बसायची ढब पाहिलीस, शीळ ऐकलीस आणि म्हणालीस, "हाऊ ते आपला पाटणादेवीना माशीमारना चुलतभाऊ शे." बठ्ठे हसले, अख्खा गट. तू मात्र ते कच्च्या वहीत लिहिलंस, कारणांसकट.

पुढे त्याच्या जनुकांची तपासणी झाली. तो आखूडपंखी नाहीच. निळ्या माशीमारांच्या जवळचा निघाला, आणि त्याच्यासाठी शोलिकोला हा वेगळा जीनस, म्हणजे नवा गटच, करावा लागला.

त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत तू माशीमाराचं हेच सांगितलं होतंस. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "फेअर जर्नलमध्ये दाखवा." तू पान चाळीस उघडलंस. तिथे ती नोंद नव्हती. "घरी बसून निरीक्षणं रचता का, बाई?" त्यानंतर तू संशोधनाचा अर्ज भरलाच नाहीस.

नोंद फेअरमध्ये यायची राहिली, असं मी तेव्हा तुला सांगितलं. ते वाक्य आज दुरुस्त करते. राहिली नाही, मी गाळली. अक्षर चांगलं म्हणून गटाचं फेअर उतरवायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यासाठी तुझी कच्ची वहीही. परीक्षक पुस्तकातलंच विचारणार, सगळ्यांचे मार्क जाणार, म्हणून तुझ्या ओळींवर लाल रेघ मारून मी पुस्तकातलं उतरवलं. ती भीती होती की हेवा, हे अजून ठरत नाही. दोन्ही असावं.

आणखी एक. शोलिकोलाचं मला २०१७ सालीच कळलं होतं. आठ वर्षं गप्प बसले.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतले नवलभाऊ निवृत्तीआधी कपाट आवरत होते. त्यात सापडलेली तुझी कच्ची वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमच्या लाल रेघेखालचं अजून वाचता येतं बरं का."

काल मी ते पान वर्गात मोठ्यानं वाचलं. भूमिका नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅम, ही रेघ कोणी मारली?"

"मी."

मग ती उठली आणि तिनं फळ्यावरच्या शोलिकोला या नावाशेजारी लिहिलं: सुलक्षणा पाटील, २००२. टाळ्या अशा वाजल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. दोन मुलांनी तर लगेच पाटणादेवीच्या रानात माशीमार बघायला जायचा दिवस ठरवला. इतक्या आनंदात मी वर्गातून कधी बाहेर पडले नव्हते, आणि त्यात श्रेय माझं काहीच नव्हतं.

सोबत मूळ वही पाठवतेय, झेरॉक्स माझ्याकडे ठेवली. रेघ खोडलेली नाही. ती माझीच, राहू दे. उत्तराची सक्ती नाही.

तुझ्या ओळी तुला परत करणारी,
दिपमाला

ता.क. माझ्या डायरीत उद्याचं काम: त्याच कपाटात सापडलेल्या फेअर जर्नलचं पान चाळीस पुन्हा लिहिणे, सुलक्षणाच्या शब्दांत.