पलंगाचं शेवटचं किती?

१० जानेवारी
विकायचाच. आईचा पलंग — दवाखान्यात असतो तसा, दोन हँडलचा, डोक्याकडून वर होणारा. फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — गादीसकट चौदा हजार. घेतला तेव्हा सत्तावीस. अकरा महिने वापरला. आईला जाऊन आज तेवीस दिवस.

११ जानेवारी
सकाळपासून सहा फोन. ओळख नाही, पाळख नाही — "शेवटचं किती?" एकाला मी अकरा सांगून बसले. "मग नऊला बघू," म्हणाला आणि ठेवला!
शेजारच्या अनिताताई चिडल्या. त्यांनी दोन फ्रिज, सोफा, स्कूटी असं सगळं विकलंय. "फोनवर दर सोडायचा नाही. वस्तू बघायला या म्हणायचं. आलेल्याला आधी पाणी. त्यानं आकडा टाकला की गप्प बसायचं. आणि एकदा हो म्हटलं की दुसरा जास्त देत असला तरी शब्द फिरवायचा नाही."
लिहून घेतलं असतं, पण हसल्या असत्या.

१३ जानेवारी
डाळजचे एक गृहस्थ आले, बायकोला घेऊन. हँडल फिरवलं, गादी दाबली. दहा म्हणाले. मी गप्प. अकरा. ठरतच होतं, तेवढ्यात बायकोनं विचारलं, "कुणासाठी घेतलेला?" सांगितलं. "मग आता कशा आहेत?" तेही सांगितलं.
तिनं गादीवरचा हात उचलला. पाणी तसंच ठेवून गेले.
अनिताताई म्हणाल्या, "खरं कशाला सांगत बसलीस?"

१८ जानेवारी, रविवार
निरवांगीचे रामहरी आबा आले. साठीच्या पुढचे, एकटेच. बायकोला पॅरालिसिस झालाय, दिवाळीपासून अंथरुणात. आबा खाली बसून एकेक नट बघत होते.
"आठ घ्या, ताई."
मी गप्प.
"बरं, नऊ. टेम्पोचं भाडं बी हाय मला."
तेरा म्हटलं. खरं तर मी नऊला द्यायला तयार होते. खोली मोकळी हवी होती.
ते उठले. जरा मोठ्यानंच विचारलं, "पेशंट कसं हाय आता?"
"बरी आहे," मी म्हटलं. "चालते." आवाज जरासुद्धा हलला नाही!
आबांनी पैसे काढले. पूर्ण चौदा. "आता कमी करायचं न्हाय," एवढंच म्हणाले.
टेम्पो गेल्यावर फरशी पुसली.

२० जानेवारी
आबांच्या सुनेचा फोन. रेश्मा नाव. सासूला आत्या म्हणते. "आत्यांना तुमच्या आईंशी बोलायचंय. त्यांनी काय केलं, किती दिवसांत चालल्या — एवढंच विचारायचंय म्हणतात."
आई गावाला गेलीय म्हणाले.

२३ जानेवारी
पुन्हा रेश्मा. आई अजून गावालाच! फोन ठेवला आणि नऊच्या वरचे पाच हजार पाकिटात घातले. रविवारी जाऊन सांगून टाकायचं.

२५ जानेवारी, रविवार
निरवांगीला जाऊन आले. आबा शेतावर गेलेले. रेश्मानं आत नेलं. तिच्या सासू, कुशाबाई, पलंगावर, डोक्याकडची बाजू वर केलेली. तोंड एकीकडे ओढलेलं. बोलणं तुटक, पण कळतं. चालत्या हातानं माझं मनगट धरलं.
"आधी — काय हललं — त्यांचं?"
पाकीट पर्समध्ये होतं. खरं सांगायलाच गेले होते.
"पायाचा अंगठा," मी म्हटलं.
त्यांनी पायावरची चादर बाजूला करायला लावली. अंगठ्याकडे बघत राहिल्या. मी पण बघत राहिले. रेश्मासुद्धा.
हलला नाही.
चहा घेतला आणि निघाले. पाकीट तसंच.

२६ जानेवारी
झेंडावंदनाहून आल्या आल्या आबांना फोन केला. सगळं सांगितलं. पाच हजार परत घ्या म्हटलं. ते मग म्हणाले —
"ठाऊक हाय मला, ताई. तुमचं घर इचारलं तवाच खालच्या दुकानदारानं सांगितलं. पलंग बघताना खिशातला फोन घरी लावलेला हुता. ही ऐकत हुती. इकणारा 'बरी हाय'च म्हणणार, म्हणून तर इचारलं."