किरनापूरहून आलेली बाई

बालाघाट, १६ डिसेंबर, सोमवार

आदरणीय ज्योत्स्नाताईस धाकट्या पुनारामचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. (अश्विन सांगत होता की आता तू जिना चढतेस. तुझ्या गुडघ्यांची खबर मला पोराकडून घ्यावी लागते, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून मुद्दाम लिहिलं.) मे महिन्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. अश्विनच्या लग्नाला तू नागपूरहून दमून भागून आलीस आणि मी दारातच "ताई, घरात जागा नाही" म्हणून तुला बसस्टँडजवळच्या लॉजवर पाठवलं, त्या विषयावर मला या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही. समोरच्या खोलीत डीजेवाल्याचे स्पीकर ठेवले होते, आभाळ भरून आलं होतं, भिजले असते तर लग्नाची वरात मुकी निघाली असती, हे सगळं तुला माहीतच आहे. पत्राचं कारण वेगळं आहे. तू चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलास म्हणून विचारतो, लहान पोरांना नाताळची कोणती गोष्ट वाचून दाखवावी?

उकव्याच्या खाणीत हजेरी मांडायचं काम संपल्यापासून मी दर रविवारी वॉर्डाच्या समाजभवनात पोरांना मराठीतून गोष्ट वाचून दाखवतो. वीसेक पोरं येतात. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देतात, आणि आमचं छान चालतं. पुढच्या रविवारी ती परत यावीत म्हणून मी गोष्ट नेमकी अडचणीच्या जागी थांबवतो आणि समाजभवनाला कुलूप लावून घरी जातो. (ही युक्ती तुझीच. उरलेली अर्धी गोष्ट सांगायला तू माझ्याकडून विहिरीच्या किती बादल्या भरून घेतल्यास, ते मी विसरलेलो नाही.) यंदा शेजारी दवाखान्यातल्या रूपाली सिस्टर राहायला आल्या, ख्रिस्ती आहेत. त्यांची पाच वर्षांची दीपिका एके दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, बाबा, सबके त्योहार की कहानी हो गई, हमारी कब? मी शब्द देऊन बसलो.

आणून आणून पहिली गोष्ट आणली ती बर्फाची. गावभर बर्फ पडलेला, पोरं त्यात खेळताहेत. आमच्या पोरांना बर्फ माहीत आहे तो मासळीबाजारातला, भुशात ठेवलेला. तो आभाळातून पडतो म्हटल्यावर त्यांनी आधी मासळीचं काय झालं ते विचारलं. अंकितला (हा राईस मिलवाल्या घनश्यामचा पोरगा, याच्या शंकांना मी घाबरतो) त्यावर सरबत कोण टाकतं ते जाणून घ्यायचं होतं. दुसरी गोष्ट धुराड्यातून उतरून भेटवस्तू देणाऱ्या म्हाताऱ्याची. अंकितने मिलचं धुराडं आतून पाहिलेलं असल्यामुळे त्याने शांतपणे सांगितलं की त्यातून उतरलेला माणूस कोणाला काही द्यायच्या स्थितीत राहणार नाही. शिवाय पोतं घेऊन न विचारता घरात शिरणारा माणूस चांगला कसा, यावर इतका वाद झाला की दीपिका रडकुंडीला आली. तेव्हा मी ठरवलं की मूळ गोष्टच सांगायची, आणि रूपाली सिस्टरच्या ओट्याशी बसून ती वहीत उतरवून घेतली.

काल ती वाचली. मरिया आणि योसेफ दूरच्या गावाहून निघाले, मरियाचे दिवस भरत आलेले. पोरांनी विचारलं, किती दूर? आता नाझरेथ ते बेथलेहेम या पोरांना काय समजावू? मी म्हटलं, समजा किरनापूरहून पायी बालाघाटला आले. इथे मी चुकलो, पण वाचताना रंग इतका भरला होता की मी बसस्टँडही आणला, दारं ठोठावली, आणि प्रत्येक दारातून जागा नाही, जागा नाही असं ऐकवलं. मग मरिया रस्त्याच्या कडेला बसली, तिच्या पोटात कळ आली, आणि मी वही मिटली. उरलेलं पुढच्या रविवारी, असं सांगून कुलूप लावलं आणि घरी येऊन जेवायला बसलो.

दुसरी भाकरी मोडतो तोच दारात शेवंताबाई. (आपल्या वॉर्डातली अर्धी माणसं जिच्या हातावर जन्मली तीच. आता पंचाहत्तर वर्षांची आहे आणि दहा वर्षांपासून तिला कोणी बोलावत नाही.) हातात जुनी पिशवी, मागे सात-आठ बाया, कोणाकडे गोधडी, कोणाकडे मऊ लुगड्याची फडकी, चंपाबाईच्या कडेवर डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि सगळ्यांच्या मागे प्रेमलाल, ऑटो चालू ठेवून.

"कुठी हाय ते बाई?" शेवंताबाई म्हणाली. "पोट्टे सांगून राह्यले, किरनापूरची बाई अडली हाय, कोणी घरात घेऊन नाही राह्यलं. अन् तू मस्त जेवून राह्यला?"

मी म्हटलं ती गोष्ट आहे. कोणाचा विश्वास बसेना. पोरांनी घरोघर सांगितलं होतं की बाबाला सगळं माहीत आहे, पण तो म्हणतो आता पुढच्या रविवारी बघू. शेवटी उष्ट्या हाताने जाऊन समाजभवन उघडलं आणि वही आणून उरलेली गोष्ट तिथेच वाचली. पोरं पुढे, बाया मागे, प्रेमलाल ऑटो बंद करून दारात. गोठ्यात जागा मिळाली म्हटल्यावर शेवंताबाईचा जीव भांड्यात पडला. गोठ्यात ऊब असते, ती म्हणाली. बाळ झालं तेव्हा बायांनी खरोखर सुस्कारा सोडला आणि एकीने वजन विचारलं. नाळ कोणी कापली हे वहीत नसल्यामुळे शेवंताबाई माझ्यावर चिडली, बाळाला बघायला दुरून सोनं घेऊन आलेले शहाणे लोक बाळंतिणीसाठी खायला काही न आणता आले म्हणून चंपाबाई त्यांच्यावर चिडली, आणि मरियाचे लाडू मग आम्हीच खाल्ले. दीपिका मधोमध बसून सगळ्यांना वाढत होती. तिच्या घरचाच सोहळा होता ना. ताई, खाणीतून निघाल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता.

तर गोष्ट आठवडाभर आधीच संपली. पंचवीस तारखेसाठी एखादी नवी सुचव.

तुझा
पुनाराम

ता. क. : नवी गोष्ट सुचवू नकोस. लाडू संपल्यावर शेवंताबाईने विचारलं होतं, "ज्यानं घर असून जागा नाही म्हटलं, त्याचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, वहीत नाही. सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. लग्नाला त्या सगळ्या होत्या. आता पोरांना पंचवीस तारखेला हीच गोष्ट हवी आहे, आणि ती मला येत नाही.

आणखी ता. क. : अर्धी येते. तो माणूस दुसऱ्या दिवशी समोरची खोली झाडून काढतो, खाट टाकतो आणि मोठ्या बहिणीला पत्र लिहितो. पुढचं तुझ्या हातात आहे. चोवीसला गोंदियाच्या गाडीवर प्रेमलाल ऑटो घेऊन उभा राहील. माझं चुकलं, ताई. स्पीकर भिजले असते तर भिजले असते.

शेवटचा ता. क. : काल त्या गडबडीत समाजभवनाचं कुलूप कुठे पडलं ते सापडलं नाही, म्हणून समोरच्या खोलीचं काढून तिथे लावलं आहे. ती खोली आता बंद होत नाही.