हिमनगरीतला जोडीदार

३ एप्रिल, गुरुवार

नोकरी लागली! आणि कुठं, तर बर्फात. चंद्रपूरच्या पोरानं ऐन उन्हाळ्यात कानटोपी घालून काम करायचं, म्हणजे हसावं की रडावं? आमच्याकडं या दिवसांत कुत्रीसुद्धा नालीत बसून राहतात, आणि मी इथं पुण्याच्या टोकाला 'हिमनगरी'त उणे सात डिग्रीत उभा राहणार. बाहेर आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि मधोमध ही पांढरी इमारत. आत यंत्रानं पाडलेला बर्फ. मी तर मूठभर उचलून तोंडातच टाकला. सुपरवायझर तेजस सर अस्सल पुण्याचे. म्हणाले, खाणं कॅन्टीनमध्ये मिळतं, हा पब्लिकच्या बुटांखालचा आहे.

मुलाखतीत प्रश्न एकच, थंडी सोसेल का. मी म्हटलं, सर, आमची अजून भेटच नाही झाली. लगेच घेतलं. सुट्ट्यांचा सीझन तोंडावर आहे आणि माणसं टिकत नाहीत, अर्धी पोरं आठवड्यात पार्सल पोचवायच्या कामाला पळतात, असं त्यांनीच सांगितलं. घरी आणखी कोणी आहे का, असंही विचारलं. मी धाकट्या बहिणीचं, कल्याणीचं नाव दिलं. बारावीचे पेपर संपल्यापासून ती नुसती पुणे-पुणे करून राहिली आहे. सर म्हणाले, बहीण आणा, मावशी आणा, अख्खं गाव आणा.

राहायला विश्रांतवाडीला एका खोलीतली कॉट भाड्यानं घेतली. स्पर्धा परीक्षेच्या क्लासचे सर म्हणतात रोज एक पान लिहा, निबंध सुधारतो. तर ही सुरुवात.

५ एप्रिल, शनिवार

काम आवडलं बाप्पा. पब्लिक काउंटरवरच्या पोरीकडून, पायलकडून, जाकीट, गमबूट, हातमोजे घेऊन आत येते. आम्ही पोरांना घसरगुंडीवर बसवायचं, फावड्यानं बर्फ परत वर लोटायचा, आणि वेळ झाली की लोकांना गोड बोलून हाकलायचं. एका बाजूला भली मोठी काच आहे. थंडीला भिणारे काका-काकू तिच्यापलीकडं, काउंटरशेजारी, चहा पीत बसतात. तेजस सरही तिथूनच आमच्यावर डोळा ठेवतात. आम्ही सगळे निळं जाकीट, टोपी, मफलर घातलेले, त्यामुळं ओळख काय ती गळ्यातल्या बिल्ल्याचीच. आत पेन गोठतं, म्हणून पेन्सिल घेतली.

माझा जोडीदार योगेश, लातूरचा. इथं आत एकट्यानं कधीच काम करायचं नसतं. स्वतःला थंडी लागून राहिली ते स्वतःला कळत नाही, म्हणे. म्हणून जोडीदाराचं तोंड बघत राहायचं. नाक-कान पांढरे दिसले की त्याला बाहेर ढकलायचं. योगेश दर दहा मिनिटांनी माझा कान धरून बघतो. शाळेत गुरुजींनी एवढा धरला नव्हता.

पायल माझ्या 'करून राहिलो, जाऊन राहिलो'ची नक्कल करते. मी म्हटलं, कर. चंद्रपूरला ये, मग तुझी नक्कल करायला गावच्या बाया बसवतो.

१० एप्रिल, गुरुवार

योगेश गेला. सकाळी सरांना मेसेज टाकला आणि मोबाइल बंद. त्याच्याआधी घसरगुंडीचे दोघं गेले होते. आता एवढ्या हॉलला मी एकटा. मी सरांना जोडीच्या नियमाची आठवण करून दिली, तर म्हणाले, आरशात बघत जा. वरून म्हणतात, आपल्या बहिणीची वाट पाहतोय आम्ही, मुहूर्त निघाला का?

दिवसभर माझे कान कोणी पाहिले नाहीत. खोलीवर आल्यावर कळलं, डाव्या कानाची पाळी बधिर आहे.

१२ एप्रिल, शनिवार

सरांनी माणूस दिला वाटतं! दुपारच्या गर्दीत पाहतो तर इग्लूजवळ एक जण फावडं मारून राहिला. निळं जाकीट, टोपी डोळ्यांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. बिल्ला नाही. मी जय भीम केला, त्यानं नुसती मान हलवली. नाव विचारलं तर बोटानं बर्फावर लिहिलं, बद्रीनाथ. मुका असेल बिचारा. पण काम! दोघांचं एकटा ओढतो. ना चहा, ना तंबाखू.

जोडीचा नियमही त्याला पक्का ठाऊक आहे. माझं तोंड सारखं बघून राहतो. अगदी जवळ येऊन बघतो. मी त्याचं बघायला गेलो तर मफलर आणखी वर घेतला. लाजतो की काय!

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर. सरांकडं सुट्टी मागितली, तर म्हणाले, सगळ्या पुण्याला आज सुट्टी आहे आणि सगळं पुणं इथं येणार आहे. खरंच आलं.

दुपारी राहवेना. गावात मिरवणुकीची तयारी चाललेली असणार, आई, बाबा, कल्याणी पांढरे कपडे घालून विहारात गेले असणार. मला नुसता एक फोन करायचा होता. पण काचेतून सर बिल्ले बघत असतात. मग माझा बिल्ला काढून बद्रीनाथच्या गळ्यात घातला. म्हटलं, जरा माझ्या जागी उभा राहा भाऊ, कोणी विचारलं तर तूच प्रज्ञेश. त्यानं माझे दोन्ही हात धरले. एवढा खूश झाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

बाहेर पोटभर बोललो. आई रडली. कल्याणी म्हणाली, मे लागायच्या आत येतेच. परत आलो तर बिल्ला त्याच्याच गळ्यात. मी हात पुढं केला, त्यानं दिला नाही. थट्टा करून राहिला असेल. उद्या घेईन.

१७ एप्रिल, गुरुवार

बाहेर चाळीस डिग्री. लोक डोक्यावर ओढण्या घेऊन पळून राहिले आणि मी बसस्टॉपवर भर उन्हात उभा, हुडहुडी भरलेली. अंगात ताप नाही. उलट हात लावला तरी अंग जाणवत नाही. खोलीतल्या पोरानं कॉट लांब सरकवली, म्हणतो तुझ्याकडून फ्रिज उघडल्यासारखं येतं.

हजेरीच्या यंत्रावर अंगठा लागेना. पायल माझी नक्कल करत म्हणाली, काहून लावतोस, तुझी हजेरी सकाळीच लागली आहे. मी तर तेव्हा कुठं येऊन पोचलो होतो.

बिल्ला अजून त्याच्याकडंच आहे. मागायला गेलो की तो हसतो. मफलरमागून हसतो, पण मला कळतं.

२० एप्रिल, रविवार

आज पायलला विचारलं की हा बद्रीनाथ कधीपासून आहे. ती म्हणाली कोण बद्रीनाथ? सरांनी आत तुझ्याशिवाय कोणालाच पाठवलेलं नाही, माणूस आहे कुठं पाठवायला. मग थांबून म्हणाली, बद्रीनाथ गेल्या सीझनला होता, बीडचा. तोही आत एकटाच असायचा. आधी हसरा होता, मग गप्प गप्प झाला, मग एकदम पुन्हा खुशीत आला आणि घरी गेला. तिनं स्वतः त्याला बसमध्ये बसवून दिलं होतं.

मग घरी गेला तो कोण, आणि आत राहिला तो कोण?

माझी पाचावर धारण बसली आहे. पायलचा आज शेवटचा दिवस. तिला कॉल सेंटरला लागलं. काउंटरवर उद्यापासून कोणी नाही, जाकीट पब्लिकनंच उचलायचं.

कल्याणीला इथं येऊ द्यायचं नाही. बस्स.

२२ एप्रिल, मंगळवार

राजीनामा द्यायला गेलो. सर काचेपाशी उभे होते. मी म्हटलं, सर, मी प्रज्ञेश, मी चाललो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी भिंत. मग म्हणाले, प्रज्ञेश तर आत आहे, आपण कोण?

मी काचेतून पाहिलं. त्यानं मफलर खाली घेतला होता.

माझं तोंड. माझं नाक, माझी हनुवटी, लहानपणी विटी लागलेली भुवई. पोरांना घसरगुंडीवर बसवत होता, त्यांच्याशी माझ्या आवाजात बोलत होता. दिवसदिवस माझं तोंड बघत होता तो याच्यासाठी. आणि मी मूर्ख, कान बघतो म्हणून खूश होतो!

सर आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, माणूस असावा तर असा. ना सुट्टी, ना तक्रार.

२३ एप्रिल

कल्याणीला फोन लावला. ती म्हणाली, दादा, कालच तर तू ये म्हणालास, तिकीट काढलं की मी. मी ओरडलो, येऊ नको, तो मी नव्हतो. ती म्हणाली, हॅलो, हॅलो, कोण बोलून राहिलं, काही ऐकू येत नाही.

पुन्हा लावायला गेलो. स्क्रीनला बोट लागत नाही. जिभेनं, नाकानं, कोपरानं करून पाहिलं. माझं काहीच त्याला लागत नाही. रस्त्यावर माणसांना हात जोडले, एक फोन लावून द्या म्हणून. माणसं अंगावर शहारा आल्यासारखं करून पुढं गेली.

२५ एप्रिल

येरवड्याला, जिथं आमच्याकडच्या ट्रॅव्हल्स थांबतात, तिथं पहाटेपासून उभा. ती उतरली. निळी सॅक, केसांत आईनं घातलेली घट्ट वेणी. मी समोर जाऊन उभा राहिलो. कल्याणी म्हणालो. ती हसली—

माझ्याकडं नाही. माझ्या मागं. तो आला होता. माझा शर्ट घालून. त्यानं तिची सॅक घेतली, डोक्यावर टपली मारली, मी मारतो तशीच. ती म्हणाली, दादा, तू गोरा झालास!

मी मागं धावलो. ऊन सोसवत नाही आता. चटके बसतात. पाय आपोआप इकडं, हिमनगरीतच आले. आत आलो तेव्हा कुठं उभं राहता आलं.

२६ एप्रिल

बाहेर पडता येत नाही. दार उघडतं, उष्णता येते, मी मागं पडतो. मेणासारखा वितळून.

तोंडातून वाफ येत नाही. पोरं श्वास सोडून धूर-धूर खेळतात. मी सोडून पाहिला. काही नाही.

सरांनी तिला उद्यापासून आतलं काम दिलं आहे. काचेपलीकडं बोलताना दिसले. तो बाहेर गेटवर, ती आत. एकटी. माणूस कुठं आहे दुसरा—

त्रिसरण म्हणायला गेलो. बुद्धं— पुढं तोंड हलत नाही.

२७

ती आली. मोठं निळं जाकीट, बाह्या दुमडलेल्या. मला पाहून जय भीम केला. दादा, तुम्ही जुने का इथले, म्हणाली. दुसऱ्या कोणाला म्हणाल्यासारखं दादा.

तिला मी दिसतो. आतमध्ये दिसतो. ओळखत नाही.

खूप काम करते. तिचं नाक लाल झालं. मी बघत राहिलो तिच्या तोंडाकडं— नुसतं नाक-कान बघायला, आईशपथ— आणि माझ्या गालात ऊब आली. किती दिवसांनी. मान फिरवली. नाही बघायचं. तिच्याकडं बघायचंच नाही.

२७, नंतर

बोटं दुखतात म्हणाली. थोडा वेळ बाहेर जाऊन येते म्हणाली. बिल्ला काढला. दादा, जरा माझ्या जागी—

माझा हात पुढं गेला. माझाच हात. इतकी थंडी वाजते, आई, इतकी थंडी— बिल्ला ऊबदार होता, तिच्या गळ्यातला—

नाही.

मफलर ओढला. तोंड दाखवलं. आता जे काय राहिलं आहे ते. तोंड उघडून अंगावर गेलो. ती किंचाळली. बिल्ला बर्फात पडला, तो तिनं परत उचलला, घट्ट धरला, पळाली. दाराबाहेर गेली. वाचली. माझी कल्याणी वाचली!

संध्याकाळ

काचेतून दिसतं. ती रडते आहे. त्याच्या कुशीत. तो पाठीवरून हात फिरवतो, पाणी देतो. तिच्या ओठांवरून कळतं, आत काहीतरी आहे दादा, इथं नको, घरी चल. तो मान डोलावतो. चल म्हणतो.

मीच तिला पळवलं. सरळ त्याच्याकडं.

काचेवर मुठी मारल्या. आवाज येत नाही. तिनं एकदा वळून पाहिलं. त्यानं तिचं तोंड हळूच आपल्याकडं वळवलं.

दोन सॅका. गेटबाहेर. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातील. आमच्या घरी. आमच्या दारात.

?

सर आले होते. नवीन जाहिरात लावली आहे काचेवर. कोणी येत नाही. पब्लिक जाकिटं स्वतः घेते, स्वतः टाकते. घसरगुंडीवर पोरांना मीच बसवतो. गोड हसतात. थंडगार हात म्हणतात.

आता पोचले असतील. आईनं भात टाकला असेल. त्याला शेजारी बसवून—

?

फोन वाजतो आहे. काउंटरवरचा. काचेपलीकडं.

आई असेल. आईच. जेवायला वाढताना ओळखलं असेल तिनं. हात लागला असेल, कळलं असेल, हा माझा नाही. नंबर शोधून लावला असेल. माझं पोरगं कुठं आहे, विचारायला—

थांबला.

पुन्हा वाजतो आहे. तिथं माणूसच नाही. सर— सर, जरा— चहा पिऊन राहिलेत काका, तुमच्या हाताशी आहे तो, जरा उचला— आई, ठेवू नको, थांब, कोणीतरी येईल, कोणीतरी